जामीन मिळाला, जामीनदार नाही : लोक अभिरक्षक कार्यालयात नव्यानं येणाऱ्या समाजकार्यकर्त्यांसाठी

लोक अभिरक्षक कार्यालयात, म्हणजे गरीब आरोपींना मोफत वकील देणाऱ्या कार्यालयात, पहिल्या आठवड्यात कधीतरी तुमच्या हातात एक यादी पडेल. नाव, वडिलांचं नाव, पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं, जेलमध्ये दाखल झाल्याची तारीख, जामिनाची तारीख, रक्कम. यादीतल्या प्रत्येकाला कोर्टानं जामीन दिलेला आहे आणि यादीतला प्रत्येक जण अजून आत आहे. कुणी वीस दिवस, कुणी पाच महिने. पंधरा हजार रुपये आणि एक जामीनदार, एवढ्यावर सगळं अडलेलं.

समाजकार्याची पदवी घेऊन मी या कामात आले तेव्हा वाटलं होतं, समुपदेशन करू, व्यसनमुक्तीबद्दल बोलू, पुनर्वसनाचे आराखडे लिहू. तेही पुढे करावं लागलंच. पण या कामाचा कणा ती यादी आहे हे समजायला मला वर्ष लागलं. तुमचं वर्ष वाचावं म्हणून हे लिहिते आहे.

आपण कुठे उभे आहोत

गरीब आरोपीला मिळणारा मोफत वकील हा कुणाचा उपकार नाही. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीनं मोफत विधी साहाय्याचा अनुच्छेद ३९-क आला. १९७८ मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य आणि १९७९ मध्ये हुसैनारा खातून या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानं हा हक्क थेट अनुच्छेद २१ शी, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काशी जोडला. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला, तो लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्यातलं कलम १२ पाठ करून ठेवा : कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. म्हणजे तुरुंगातल्या माणसाच्या घरच्यांना तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणायला पिटाळायचं नाही. अजूनही काही ठिकाणी पिटाळतात.

२०२२ पासून नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) योजनेखाली जिल्ह्याजिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालयं उभी राहिली. मुख्य, उपमुख्य आणि सहायक लोक अभिरक्षक हे सगळे पूर्णवेळ फौजदारी बचावाचंच काम करतात. त्यांना खासगी वकिली करता येत नाही. पूर्वी पॅनेलवरचे वकील आपली प्रॅक्टिस सांभाळून ही प्रकरणं घ्यायचे, त्या मानानं हा मोठा बदल आहे. पण या योजनेच्या मनुष्यबळात समाजकार्यकर्त्याचं वेगळं पद नाही. तुम्ही बहुधा एखाद्या संस्थेकडून, फेलोशिपवर किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक म्हणून आलेले असाल. महाराष्ट्रात या वाटेवर आधी चाललेली माणसं आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत तुरुंग आणि पोलीस ठाण्यांतल्या लोकांसोबत काम करतो आहे. पद नसल्यामुळे तुमचा पाया दोनच गोष्टींवर : वकिलांचा विश्वास आणि कागदावरची परवानगी. त्यामुळे रुजू होताच दोन पत्रं हातात घ्या. प्राधिकरणाच्या सचिवांचं एक, तुरुंगात प्रवेशासाठी. मुख्य लोक अभिरक्षकांचं दुसरं, तुम्ही त्यांच्या देखरेखीखाली काम करता असं सांगणारं. दुसऱ्या पत्राचं महत्त्व पुढे कळेल.

पहिली भेट

तुरुंगात मोबाइल नेता येत नाही. वही आणि पेन, तेही तपासून. जमलं तर शिपायाच्या कानाआड बसायची जागा मागा. मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि नम्रपणे मागितली तर पुष्कळदा मिळते.

पहिलं वाक्य काय बोलायचं? मी हे सांगते : "मी तुमच्या वकिलांच्या ऑफिसातून आलेय. पोलिसांकडून नाही, कोर्टाकडून नाही." याचं कारण साधं आहे. बराकीत मोफत वकिलाला सगळे 'सरकारी वकील' म्हणतात, आणि कोर्टात आरोपीच्या विरुद्ध उभा राहणारा असतो तोही सरकारी वकीलच. हा घोळ वरवर शब्दाचा वाटतो, पण त्यापायी माणसं महिनोन्‌महिने आपल्याच वकिलाशी बोलत नाहीत. एका गवंडीकाम करणाऱ्या काकांनी मला तिसऱ्या भेटीत विचारलं होतं, "ताई, तो वकील सरकारचा, पोलीस सरकारचे, मग माझा कोण?" त्यानंतर मी 'सरकारी वकील' हा शब्द सोडला. 'तुमचे वकील' म्हणते, आणि त्यांचं नाव एका चिठ्ठीवर लिहून देते.

गुन्हा केला का, हे विचारू नका. कधीच नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ नं वकील-अशील संवादाला जे संरक्षण आहे ते वकिलाच्या कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचतं; संस्थेकडून आलेल्या समाजकार्यकर्त्याला ते मिळेलच असं गृहीत धरता येत नाही. ते दुसरं पत्र यासाठी हवं. आणि पत्र असलं तरी वहीत घटनेबद्दल एक ओळही लिहायची नाही. माणूस आपणहून सांगायला लागला तर थांबवा : "हे तुमच्या वकिलांना सांगा, मी त्यांची भेट लावून देते." आपण कुणाच्या बाजूनं बोलतो आहोत हे आरोपीला कळायला हवं, तसंच आपल्यालाही. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) कोर्टाला अहवाल देतो. आपण बचावाचा भाग आहोत.

मग विचारायचं काय? पहिल्या भेटीत मला चारच गोष्टी हव्या असतात. घरी कुणाला कळलंय. घरी काय सांगितलंय. कुणाशी संपर्क करू. आणि अजून किती केसेस आहेत.

शेवटचा प्रश्न लोक टाळतात, आपणही टाळतो. पण दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या गुन्ह्यात वॉरंट लागलेलं असेल तर पहिल्या केसमध्ये जामीनदार उभा करूनही दार उघडत नाही. घरच्यांनी उसने आणलेले पैसे भरले गेलेले असतात आणि माणूस आतच असतो. म्हणून आधी प्रत्येक केसचा सीएनआर नंबर (त्या केसचा कोर्टातला एकमेव ओळख-क्रमांक) शोधा, ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर रोजनामा पाहा, जेलच्या नोंदींशी ताडून घ्या.

संपर्काचा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. मोबाइल अटकेच्या वेळी जप्त होतो, मुद्देमालात जातो, आणि आजकाल कुणालाच बायकोचा नंबरसुद्धा पाठ नसतो. अशा वेळी अटकेचे कागद बघा : अटक झाल्याची माहिती कुणा नातेवाइकाला किंवा मित्राला दिली त्याचं नाव आणि नंबर बऱ्याचदा त्यात असतो. तो बंद लागला तर पत्ता खुणांनी विचारा. पिनकोड नको. "स्टँडवरून उतरलो की काय दिसतं? मग कुठं वळायचं? किराणा कुणाकडून घेता? उधारी कुणाकडं असते?" उधारीच्या दुकानदाराला घर पक्कं माहीत असतं. खेड्यात आशाताई, ग्रामपंचायतीचा शिपाई. शहरात मुकादम, नाक्यावरचा चहावाला. मी कितीतरी घरं याच वाटेनं शोधली.

आणि 'घरी काय सांगितलंय' हा प्रश्न मी का विचारते? सुरुवातीच्या वर्षात मी तो विचारला नव्हता. एका मुलाच्या गावी गेले, पारावर बसलेल्या माणसांना घर विचारलं, कुठून आलात म्हटल्यावर खरं ते सांगितलं. त्यानं घरी सांगितलं होतं की तो सुरतला कामाला आहे. बहिणीचं लग्न ठरलं होतं, ते मोडलं. तो मुलगा पुढच्या भेटीत मला काही बोलला नाही, फक्त मान खाली घालून बसला. चूक माझी होती आणि ती भरून काढायला माझ्याकडे काहीही नव्हतं. तेव्हापासून गावात मी 'योजनेच्या कामासाठी आलेय' एवढंच सांगते आणि दार आतून लागल्यावर बोलते. ओळखपत्र पिशवीत ठेवते, गळ्यात नाही.

जामीनदार

या भागावर वेळ द्या.

कोर्ट जामीन देतं तेव्हा बहुतेक वेळा म्हणतं : इतक्या रुपयांचा जातमुचलका (आरोपीची स्वतःची लेखी हमी) आणि तितक्याच रकमेचा एक किंवा दोन लायक जामीनदार. जामीनदार म्हणजे जो म्हणतो, हा माणूस तारखेला आला नाही तर ही रक्कम मी भरीन. त्याच्या ऐपतीचा पुरावा लागतो : सातबारा, घरपट्टीची पावती, पगारपत्रक, आधार, रेशनकार्ड. काही ठिकाणी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखलाही मागतात, आणि तो निघेपर्यंत आठवडे जातात. आता विचार करा, फुटपाथवर झोपणाऱ्या, बिहारहून आलेल्या, वीटभट्टीवर कुटुंबासकट राबणाऱ्या माणसाच्या ओळखीत सातबारावाला कोण?

हा प्रश्न जुना आहे. १९७८ मध्ये मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन सांगितला होता. भाऊ जामीन राहायला तयार होता, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून दंडाधिकाऱ्यांनी नाकारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या माणसाला हजार रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. तरीही 'स्थानिक जामीनदार' हा हट्ट चालूच राहिला. अखेर ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं जामीन धोरणाबाबत जे निर्देश दिले त्यात स्पष्ट म्हटलं की स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचं एक कारण आहे आणि अशी अट घालू नये.

त्या आदेशाची प्रत तुमच्या पिशवीत कायम असू द्या. त्यातल्या पायऱ्या म्हणजे आपल्या कामाचं वेळापत्रकच आहे. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्याला मिळाली पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, सचिवांनी कुणाला तरी कैद्याशी बोलायला पाठवायचं. तो 'कुणीतरी' म्हणजे तुम्ही. सुटका अडलीच तर कैद्याच्या आर्थिक-सामाजिक परिस्थितीचा अहवाल तयार करून अटी सैल करण्यासाठी कोर्टापुढे ठेवायचा. बाहेर येऊन कागद जमवतो असं आरोपी म्हणाला तर कोर्ट तात्पुरता जामीनही देऊ शकतं. आणि महिनाभरात जामीनपत्र भरलं गेलं नाही तर कोर्ट स्वतःहून प्रकरण घेऊन अटी बदलता येतील का ते पाहू शकतं.

प्रत्यक्षात हे आपोआप घडत नाही. सातव्या दिवशी कुणाला आठवण राहत नाही. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक नावापुढे दोन तारखा लिहिलेल्या असतात : जामीन अधिक सात दिवस, जामीन अधिक तीस दिवस. सातव्या दिवशी मी सचिवांच्या कार्यालयात अर्ज देते, तिसाव्या दिवशी वकिलांच्या टेबलावर अट शिथिल करण्याच्या अर्जाचा मसुदा असतो.

दरम्यान घरच्यांशी बोलणं चालू. क्रम असा ठेवा. आधी विचारा, रोख भरता येईल का? पुष्कळ कोर्टं काही आठवड्यांसाठी जामीनदाराऐवजी रोख रक्कम घेतात, तेवढ्यात जामीनदार शोधता येतो. रोख शक्य नसेल तर मालक, मुकादम, ज्याच्या रिक्षेवर तो पाळीनं चालक होता तो रिक्षावाला. नात्यातली माणसं शेवटी, कारण ती आधीच पिळलेली असतात. जामीन राहणाऱ्याला जोखीम स्वच्छ शब्दांत सांगा. "नुसती सही आहे" असं म्हणून मी एकदाही कुणाची सही घेतली नाही. म्हाताऱ्या आईचं दीड एकर लिहून देण्यापेक्षा रक्कम कमी करून घेण्यासाठी आणखी पंधरा दिवस धडपडावं, असं माझं मत आहे. काही वकिलांना ते पटत नाही. निर्णय अर्थात आईचा आणि मुलाचा.

कोर्टाच्या आवारात भाड्यानं जामीन राहणारे भेटतील. "पाच हजार द्या, आज संध्याकाळी बाहेर." घरचे तिकडे वळतात, त्यांना दोष देऊ नका, पण समजावून सांगा. जामीनदाराला आपण आणखी किती जणांना जामीन आहोत हे कोर्टाला सांगावं लागतं. खोटे कागद उघडे पडले की जामीन जातो आणि कधीकधी नवा गुन्हाही लागतो.

पैशांसाठी केंद्र सरकारची गरीब कैद्यांची योजना आहे, २०२३ ची. ती आली तेव्हा कच्च्या (खटला अजून न संपलेल्या) कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. जिल्ह्याच्या समितीपुढे प्रकरण ठेवण्याआधी ताजा आदेश पाहून घ्या. भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, अमली पदार्थ आणि यूएपीएचे (बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्याचे) आरोपी तिच्यात बसत नाहीत. समितीला कैदी खरंच गरीब आहे का याची चौकशी लागते, आणि ती चौकशी तुम्ही केलेल्या गृहभेटीवर उभी राहते.

अजून एक सोपी गोष्ट, जी सगळे विसरतात. गुन्हा जामीनपात्र असेल आणि अटकेपासून आठवड्यात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस गरीब आहे असं कोर्टानं धरून चालायचं आणि जातमुचलक्यावर सोडायचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम ४७८. यादीत असं नाव दिसलं की त्याच दिवशी वकिलांना उठवा.

अहवाल कसा लिहायचा

मी पहिला अहवाल लिहिला त्यात 'आरोपी अत्यंत गरीब व दयेस पात्र आहे' असं वाक्य होतं. आमच्या वकीलसाहेबांनी ते खोडून विचारलं, "म्हणजे किती भाडं भरतो?" मला माहीत नव्हतं. मी परत गेले.

दया हा शब्द वापरूच नका. न्यायाधीशांना दोन गोष्टींची खात्री हवी असते : हा माणूस तारखेला येईल का, आणि याची मुळं कुठे आहेत. तेव्हा असं लिहा : 'आरोपी ९ वर्षांपासून याच वस्तीत राहतो. १२ बाय १० ची एक खोली, भाडं महिना २,२०० रुपये. घरात आई, वय ६४, मधुमेह. पत्नी घरकाम करते, तीन घरं. दोन मुलं नगरपालिकेच्या शाळेत, चौथी आणि पहिली. अटकेआधी आरोपी हमालीतून दिवसाला सरासरी ४५० रुपये कमवत होता. १५,००० रुपयांची मालमत्ता असलेला एकही नातेवाईक नाही.' सोबत घरभाड्याची पावती, शाळेचं बोनाफाईड, आईच्या केसपेपरची झेरॉक्स. दीड पान पुरे.

खोटं एक अक्षरही नको. गृहभेटीत वाईट गोष्टही समोर येईल, शेजारी सांगतील की तो बायकोला मारायचा. ते लपवून दुसऱ्याच माणसाचं चित्र काढू नका, आणि तुमच्या मनानं अहवालातही घालू नका. वकिलांना तोंडी सांगा. कोर्टापुढे काय जावं हे ते आणि आरोपी ठरवतील. अहवाल दाखल होण्याआधी आरोपीला वाचून दाखवा. आपल्या घराबद्दल कोर्टात काय सांगितलं जाणार हे त्याला कळलंच पाहिजे.

फिर्यादी, पीडित व्यक्ती किंवा साक्षीदार यांच्याकडे मात्र आपणहून जायचं नाही. चांगल्या हेतूनं गेलात तरी साक्षीदारावर दबाव आणल्याचा आरोप तुमच्यावर आणि तुमच्या अशिलावर येईल.

पारधी वस्तीवर जाल तेव्हा हे काम दुप्पट अवघड असतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावरून पुसला गेला, पण रिमांड अर्जात 'सराईत' हा शब्द अजून सहज येतो. घर पालाचं, रेशनकार्ड नाही, जन्माची नोंद नाही. तिथे कागद नाहीत म्हणून अहवाल कोरा ठेवू नका. पोलीसपाटील, शाळेचे गुरुजी, ज्याच्या शेतात राखणीला असतात तो शेतकरी, यांच्याकडून लेखी निवेदन घ्या. मागच्या केसेसमध्ये निर्दोष सुटला असेल तर त्या निकालांच्या नकला काढा. 'सराईत' या शब्दाला त्याच उत्तर देतात.

दिवस मोजा

कायदा वकील बघतील, दिवस तुम्ही मोजा. रिमांडच्या पहिल्या दिवसापासून ६० दिवसांत, आणि मृत्युदंड, जन्मठेप किंवा १० वर्षं व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. पण दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज पडायला हवा. ५८व्या आणि ८८व्या दिवशी वकिलांना आठवण करून द्यायचं काम माझ्या वहीचं आहे.

दुसरी मोजणी त्याच संहितेच्या कलम ४७९ ची. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कच्चा कैदी म्हणून गेला तर सुटका. आणि आधी कधीच दोषी ठरला नसेल तर एक तृतीयांश काळ पुरतो. घरातून चोरीला कमाल ७ वर्षं, म्हणजे पहिल्यांदाच आलेल्यासाठी २ वर्षं ४ महिने. मृत्युदंड-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त प्रकरणं चालू असली तरी अडतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की १ जुलै २०२४ ला ही संहिता लागू होण्याआधीच्या प्रकरणांतल्या कैद्यांनाही याचा लाभ मिळेल. अधीक्षकांनी स्वतः कोर्टाला लिहायचं असतं. तिमाहीला भरणाऱ्या कच्च्या कैद्यांच्या आढावा समितीपुढे ही नावं जातात. तिच्या आधी आठ दिवस तुमची यादी सचिवांकडे पोहोचवा.

याच ठिकाणी एक धोका सांगते. आत कंटाळलेला माणूस म्हणतो, "ताई, कबूल करून टाकतो. जेवढं भोगलं तेवढ्यावर सोडतील." किरकोळ चोरीत असं घडतंही. पण एकदा दोषी ठरला की पुढच्या वेळी तो 'पहिल्यांदा' राहत नाही, एक तृतीयांशाचा लाभ जातो, नोकरीच्या पडताळणीत नाव येतं. तुम्ही हो-नाही काही सांगू नका. त्याच दिवशी वकिलांची भेट घडवा आणि ती तारखेआधी होईल हे पाहा.

काही प्रकरणं, जी लगेच वेगळी काढायची

चेहऱ्यानं लहान दिसणारा मुलगा. गुन्ह्याच्या दिवशी १८ पूर्ण नव्हती तर तो या तुरुंगात असायलाच नको, आणि हा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर उपस्थित करता येतो. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर पालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. म्हणून शाळा विचारा, मग त्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा घ्या. महाराष्ट्रात एक गोष्ट ध्यानात ठेवा : जन्मतारीख माहीत नसलेल्या कितीतरी मुलांची तारीख गुरुजींनी १ जून लिहिलेली असते. सरकार पक्ष त्यावर बोट ठेवेल, तेव्हा पाठच्या-पुढच्या भावंडांच्या नोंदीही सोबत काढा.

मनानं ढासळलेला माणूस, जो प्रश्न विचारल्यावर दुसरीकडेच बघतो. वकिलांना लेखी कळवा, तुरुंगाच्या डॉक्टरांची नोंद मागा. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे जुना केसपेपर असेल तर तो घरच्यांकडून शोधून आणा.

बायका. पुरुष आत गेला की बायको मुलाखतीला येते. बाई आत गेली की बहुतेकदा कुणी येत नाही. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईसोबत तुरुंगात राहू शकतं, पण बाहेर राहिलेली सात-आठ वर्षांची मुलं कुणाकडे आहेत हे पहिल्याच भेटीत विचारा. शेजारणीकडे असली तर त्याच आठवड्यात जाऊन या, आणि आईला जाऊन सांगा की मुलीनं दोन वेण्या घातल्या होत्या, जेवली होती. गरज असेल तर बाल कल्याण समितीकडे जायचं, पण आईशी बोलून. स्त्री असणं हे जामिनासाठी कायद्यानं विचारात घ्यायचं कारण आहे, ते अहवालात लिहा.

दाराबाहेर

सुटकेचा आदेश वेळेत तुरुंगात पोहोचला नाही तर माणूस आणखी एक रात्र आत राहतो. तो कुठल्या कारकुनाकडून, कुठल्या वेळेला, कशानं जातो हे पहिल्याच महिन्यात समजून घ्या. सुटका बहुधा संध्याकाळी होते. शेवटची एसटी गेलेली असते, खिशात पैसे नसतात, फोन पोलिसांकडे. कुणी न्यायला येणार नसेल तर तुम्ही उभे राहा, नाहीतर कुणाला तरी उभं करा. एसटीचं भाडं, पाण्याची बाटली, एक चार्ज केलेला फोन, आणि बाई सुटणार असेल तर रात्रीच्या मुक्कामाची आधीच ठरवलेली जागा.

मग तारखा. गरीब माणसाचा जामीन बहुतेक वेळा पळून गेल्यामुळे मोडत नाही. तारीख कळली नाही, रोजगार बुडेल म्हणून आला नाही, एवढ्यानं मोडतो. एक तारीख चुकली की वॉरंट, वॉरंट निघालं की जामीनदाराला नोटीस, आणि मग पुन्हा कुणी जामीन राहत नाही. मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगाराचं उदाहरण घ्या. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, दिवाळीच्या आसपास कोयता (ऊस तोडणारी जोडी) निघतो तो उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. नोव्हेंबर ते मार्च त्याच्या तारखा बीडला आणि तो पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या फडात. म्हणून सुटल्या सुटल्या विचारा, "यंदा कुठल्या कारखान्याला जाणार? मुकादम कोण?" नंबर घ्या आणि वकिलांना सांगून हजेरीतून सूट मिळावी म्हणून अर्ज ऑक्टोबरमध्येच तयार ठेवा.

तारीख मी कागदाच्या चिठ्ठीवर देत नाही, ती हरवते. घरातल्या कॅलेंडरवर, बायकोच्या किंवा आईच्या हातानं, त्या चौकोनात लाल पेनानं गोल करून घेते. अक्षर येत नसलं तरी गोल करता येतो. तारखेच्या आदल्या संध्याकाळी फोन करायचा, आणि उचलला नाही तर किराणा दुकानदाराला करायचा. त्याचा नंबर पहिल्या भेटीपासून वहीत आहेच.